परांचीची रोजची तपासणी : साईटवरच्या माणसांना शिकवायचं तरी कसं?

वडाळा_विजया | 16 फेब्रुवारी, रात्री 9.40

नमस्कार मंडळी,

मी एका मध्यम आकाराच्या बांधकाम कंपनीत सेफ्टी बघते. वडाळ्याला एक टॉवर चालू आहे आणि गिरगावात दोन जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) इमारतींची दुरुस्ती. टॉवरला कपलॉक परांची (उभ्या पाईपवरच्या कपांत आडवे पाईप अडकवायचे). गिरगावात पुढच्या बाजूला पाईप-क्लॅम्प आणि मागच्या गल्लीत बांबू, कारण तिथे पाईप फिरवायलाही जागा नाही.

परांची बांधणारी एजन्सी वेगळी आहे. ती बांधून देते, कागदावर सही करते आणि पुढच्या साईटवर जाते. गडबड सुरू होते ती त्यानंतर. प्लंबरला त्याचा पाईप चढवायला कैची (तिरपे आधाराचे पाईप) आडवी येते, तो ती सोडतो. प्लास्टरवाले खालच्या लिफ्टच्या, म्हणजे परांचीच्या खालच्या टप्प्याच्या, चाली (उभं राहायच्या फळ्या) काढून वर नेतात. शिडी कोणीतरी दुसऱ्या विंगला पळवतो, मग माणसं कैचीवरून चढतात. आणि ऑफिसात रोजची चेकलिस्ट निळ्या पेनाने भरलेली, प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. साईट बंद होती त्या रविवारचीसुद्धा!

मी एकटी तिन्हीकडे पुरत नाही. म्हणून साईट इंजिनिअर, सुपरवायझर, मुकादम आणि स्टोअरकीपर अशा दहा-बारा जणांना शिकवायचं ठरवलं आहे. परांचीचं डिझाईन त्यांना शिकवायचं नाही. कॅन्टिलिव्हर (इमारतीतून बाहेर काढलेली परांची), लोडिंग प्लॅटफॉर्म, झुला (लोंबता पाळणा) हे त्यांच्या कक्षेबाहेर. माणसं चढण्याआधी बघायचं, चुकीचं दिसलं तर थांबवायचं आणि जाणकाराला बोलवायचं, एवढंच.

कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत परांचीला स्वतंत्र प्रकरण होतं. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची नवी संहिता लागू झाली आणि तो कायदा तिच्यात सामावला. सेफ्टी ऑफिसर ठेवायची अट जुन्या नियमांत 500 कामगारांना होती, संहितेत बांधकामासाठी 250 ला आहे. गिरगावच्या कामावर पंचवीस-तीस माणसं. तिथे पूर्णवेळ सेफ्टी ऑफिसर कुठल्याच हिशेबात बसत नाही, आणि मुंबईत गल्लोगल्ली परांच्या उभ्या आहेत त्या अशाच कामांवर.

स्लाईड लावल्या की पंधराव्या मिनिटाला डुलक्या सुरू होतात. तुमच्याकडे कसं शिकवलं, काय उपयोगी पडलं, सांगा.

क्लॅम्पवाला | 16 फेब्रुवारी, रात्री 10.25

ताई, राग मानू नका, पण ज्याने कधी पाना हातात धरला नाही तो माझी परांची तपासणार? मी परांचीचाच धंदा करतो. एका साईटवर इंजिनिअरसाहेबांनी गंज लागलेले पाईप बाजूला काढायला लावले. वरवरचा गंज होता, घासला की निघणारा. त्याच बेमध्ये (उभ्या पाईपांमधल्या खणात) आडव्या पाईपला काटकोनी क्लॅम्पच्या जागी फिरता क्लॅम्प लागला होता, तो काही त्यांना दिसला नाही. फिरता क्लॅम्प तिरप्यासाठी असतो. वजन घेणाऱ्या आडव्याला काटकोनीच लागतो.

क्लॅम्प हाताने हलवून बघतात आणि "ठीक आहे" म्हणतात. अहो, त्याचा नट साधारण 50 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. बोटांना काय कळणार?

माझं ऐकाल तर वर्गबिर्ग राहू दे. या लोकांना माझ्या पोरांबरोबर एक बे बांधायला लावा आणि परत उतरवायला लावा. कपलॉकचा वरचा कप हातोडीने बसवताना त्याचा आवाज कसा बदलतो हे एकदा कानाला कळलं, की सैल कप लांबूनही सांगता येतो.

आखाती_कोकणी | 16 फेब्रुवारी, रात्री 11.10

क्लॅम्पवाले दादांचं निम्मं पटतं. बांधून बघावंच. पण तपासणाऱ्याने उत्तम बांधणारा असायलाच हवं असं नाही. ब्रिटनच्या सीआयएसआरएस या परांची कामगारांच्या प्रशिक्षण-नोंदणी योजनेत परांची बांधणाऱ्याचं कार्ड वेगळं आणि बेसिक तपासणीचा कोर्स वेगळा. बांधणाऱ्याने स्वतःचंच काम तपासलं तर डोळ्याला सवयीचं झालेलं सुटतं.

मी आखातात रिफायनरीच्या शटडाऊनवर होतो. तिथे आम्हाला एका जुन्या उस्तादाने शिकवलं ती पद्धत सांगतो. यार्डात जमिनीलगत दोन लिफ्टची परांची उभी करायची आणि तिच्यात मुद्दाम दोष पेरायचे. एक बेस प्लेट (उभ्या पाईपखालची लोखंडी पाटी) फळीवरून अर्धी बाहेर. एका ठिकाणी मधला कठडा नाही. एक चाल हुकाशिवाय नुसती ठेवलेली. शिडी वर फक्त एक पायरी डोकावतेय, खरं तर ती फळ्यांच्या वर निदान एक मीटर यायला हवी. एक टाय (परांची इमारतीला बांधून ठेवणारा पाईप) आहे, पण क्लॅम्प अर्धवट आवळलेला. आणि एक दोष असा, की जो प्रत्यक्षात दोष नाहीच, उगाच गंजलेला दिसणारा पाईप. (दादा, तुमच्या इंजिनिअरसाहेबांसाठी.)

दोघादोघांची जोडी करून खडू द्यायचा. सापडलं तिथे खूण करायची. मग सगळ्यांना घेऊन फिरायचं आणि ज्याने खूण केली त्यालाच विचारायचं: "यामुळे काय होईल?" दोष सापडतो बऱ्याच जणांना. परिणाम सांगता येत नाही, आणि परिणाम कळला नाही तर तो माणूस काम थांबवायची हिंमत करणार नाही.

पेरलेले दोष असताना वर कोणालाही चढू द्यायचं नाही, सगळं जमिनीवरून बघायचं. आणि संध्याकाळी ते सगळे दोष काढून, परांची उतरवून टाकायची. हे विसरू नका.

परळकर_काका | 17 फेब्रुवारी, सकाळी 7.15

मी बांधकामातला नाही, सोसायटीचा सेक्रेटरी आहे. इमारत तीस वर्षांपलीकडची, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट झालं, त्यातून दुरुस्ती निघाली आणि आता चारही बाजूंनी बांबू. तुमच्या चर्चेत रहिवासी कुठेच नाहीत म्हणून लिहितोय.

बांबू बांधलेत कुठे? खिडक्यांच्या ग्रीलना आणि सांडपाण्याच्या पाईपांना. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खिडकीचं दार लागत नव्हतं, त्यांनी सुरीने दोरी कापली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरात त्याच बांबूवर चादरी वाळत असतात. एसीवाला आला, त्याने आउटडोअर युनिट काढायला दोन बांबू सरकवले. ठेकेदाराचा सुपरवायझर रोज येतो, खाली चहा पितो, वर बघतो आणि जातो. त्याच्याशी कोण बोलणार?

चोरांची भीती वेगळीच. पहिल्या मजल्यावरचे लोक परांची लागल्यापासून रात्री खिडक्या उघडत नाहीत.

मृण्मयी_स्ट्रक्चर | 17 फेब्रुवारी, दुपारी 1.30

काकांचा प्रतिसाद सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ग्रीलला बांधलेली परांची म्हणजे न बांधलेलीच समजा. ग्रील चार स्क्रूंवर असते, तेही जुन्या प्लास्टरमध्ये. टाय हवा तो कॉलम, बीम किंवा स्लॅबला. खिडकीच्या चौकटीतून आत घेऊन दोन्ही बाजूंनी पाईप घट्ट बसवता येतो, किंवा काँक्रीटमध्ये अँकर ठोकून त्याची ओढून चाचणी घेता येते.

साईटच्या लोकांना दोन गोष्टींचा हिशेब यायलाच हवा असं मला वाटतं. बाकी सगळं डोळ्यांनी.

पहिलं, टाय. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षा खात्याच्या) नियमात परांचीची उंची पायाच्या किमान रुंदीच्या चौपटीपेक्षा जास्त झाली की ती बांधून घ्यावीच लागते. 1.2 मीटर रुंदीची असेल तर साधारण पावणेपाच मीटरला, म्हणजे दीड मजल्यालाच ही वेळ येते. त्यापुढे किती अंतरावर टाय हे ड्रॉइंग सांगेल. तपासणाऱ्याने ड्रॉइंग हातात घेऊन टाय मोजायचे आणि गाळलेला सांगायचा. ड्रॉइंगच नसेल तर तोच पहिला दोष.

दुसरं, वजन. परांची चौरस मीटरला 200 किलोसाठी बांधली आहे असं धरा. साध्या कामाला ब्रिटन-युरोपात हा वर्ग सर्रास वापरतात. 1.2 बाय 2 मीटरच्या बेचं क्षेत्रफळ 2.4, म्हणजे 480 किलो. दोन माणसं आणि त्यांची हत्यारं यांचे 180 धरा. उरले 300. सिमेंटच्या 50 किलोच्या सहा गोण्या झाल्या की तो बे भरला. आता प्लास्टरच्या वेळी वर जाऊन बघा, एका बेमध्ये किती माल रचलेला असतो! शिवाय सगळ्या लिफ्ट एकाच वेळी भरायच्या नसतात, ते वेगळंच. हे गणित मुकादमाकडून खडूने चालीवर लिहून घ्या. तो विसरणार नाही.

आणि जाळी. हिरवी जाळी लावली की सगळे म्हणतात सुरक्षित झालं. तिच्यामुळे वरून पडणारं प्लास्टर अडतं हे खरं, पण वाऱ्यासाठी ती परांची म्हणजे शिड उभारलेलं गलबत होतं. जाळी नंतर लावायची ठरली तर टायचा हिशेब पुन्हा करावा लागतो. तो कोणी करत नाही.

क्लॅम्पवाला | 17 फेब्रुवारी, दुपारी 2.05

मॅडम, जाळीचं शंभर टक्के. परांचीचा दर ठरतो तेव्हा जाळीचा उल्लेख नसतो. काम निम्म्यावर आलं की शेजारच्या सोसायटीची तक्रार येते, मग "दादा, जाळी मारून द्या". टाय वाढवायचे पैसे मागितले की "त्यात काय एवढं" सुरू होतं.

नवीन_इंजिनिअर | 17 फेब्रुवारी, रात्री 10.50

मी गोरेगावला एका टॉवरवर ज्युनिअर आहे. ताई, तुम्ही ज्यांना शिकवणार आहात त्यांच्यापैकीच एक म्हणा ना. सरळ बोलतो.

शिकायला आमची ना नाही. भीती सहीची आहे. सकाळी आठला मी फॉर्मवर सही केली, दुपारी तीनला कोणी कैची काढली आणि चारला माणूस पडला, तर पोलीस फॉर्म बघणार. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 106. आधीच्या दंड संहितेतल्या 304-अ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, आता पाच वर्षांपर्यंत आहे. म्हणून आमच्याकडे कोणी तपासत नाही आणि सगळे सही करतात, किंवा कोणी सहीच करत नाही.

दुसरं, समजा मी लाल टॅग (चढू नका अशी पट्टी) लावला. प्रोजेक्ट मॅनेजर विचारणार, "स्लॅबची तारीख तू पाळणार का?" मुकादम म्हणतो, "साहब, कुछ नहीं होता, दो घंटे का काम है." माझ्या दुप्पट वयाचा माणूस आहे. त्याला मी कसा थांबवू?

आखाती_कोकणी | 17 फेब्रुवारी, रात्री 11.30

मित्रा, म्हणूनच फॉर्मवर वेळ आणि जागा लिहायची. "परांची ठीक" असं कधीही लिहायचं नाही. "बी विंग, पूर्व बाजू, लिफ्ट 1 ते 4, सकाळी 7.50 ला पाहिली. लिफ्ट 3 ला मधला कठडा नव्हता, 8.20 ला लावून घेतला" असं लिहायचं. दोष लिहून तो दुरुस्त केल्याची नोंद असलेला फॉर्म तुझी बाजू मांडतो. महिनाभर एकही दोष नसलेला फॉर्म कोणालाच खरा वाटत नाही.

तिकडे टॅगबद्दल वाद नसायचा. हिरवा असेल तर चढ, पिवळा असेल तर त्यावर लिहिलेली अट पाळून चढ, लाल असेल किंवा टॅगच नसेल तर खाली उभा राहा. मॅनेजरलाही तोच नियम. टॅग शिडीच्या तोंडाशी, चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. परांचीत काही बदल केला की हिरवी पट्टी काढून घ्यायची, पुन्हा तपासणी झाल्यावरच परत घालायची. तुझ्या तीन वाजताच्या कैचीचं उत्तर यात आहे.

मृण्मयी_स्ट्रक्चर | 18 फेब्रुवारी, सकाळी 9.20

अधिकाराचा प्रश्न प्रशिक्षणाने सुटत नाही, तो आधी सोडवावा लागतो. विजयाताई, वर्ग घेण्याआधी तुमच्या डायरेक्टरकडून एका पानाचं पत्र घ्या: प्रशिक्षित माणसाने परांचीचा वापर थांबवला तर तो पुन्हा सुरू करायचा निर्णय प्रोजेक्ट मॅनेजरचा एकट्याचा नसेल, आणि थांबवल्याबद्दल कोणाला जाब विचारला जाणार नाही. वर्गाच्या सुरुवातीला ते डायरेक्टरनेच वाचून दाखवावं, प्रोजेक्ट मॅनेजर समोर बसलेला असताना. ते मिळत नसेल तर वर्ग घेऊ नका. शिकवून अधिकार न देणं म्हणजे ज्युनिअर पोरांना कागदावर पुढे करणं.

वडाळा_विजया | 18 फेब्रुवारी, रात्री 9.05

सगळ्यांचे मनापासून आभार. मृण्मयी, पत्राचं आज साहेबांशी बोलले. "बघू" म्हणाले. उद्या पुन्हा जाणार.

किती वेळाने तपासायचं यावर आमच्यातच मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये 2005 च्या नियमांनुसार पहिल्या वापराआधी, मग दर सात दिवसांच्या आत, आणि वादळवाऱ्यासारखं काही घडलं की लगेच. अमेरिकेत प्रत्येक शिफ्टच्या आधी. मी दोन्ही जोडतेय. रोज सकाळी सुपरवायझरची फेरी, आठवड्याला एजन्सीच्या माणसासोबत सविस्तर लेखी तपासणी. पाऊस-वाऱ्यानंतर दोन्ही.

क्लॅम्पवाले दादा, बे बांधायची कल्पना घेतली. तुमच्यासारखंच आमच्या एजन्सीच्या उस्तादालाही तपासणीचा राग आहे, त्यालाच शिकवायला उभा करणार. आणि परळकर काका, गिरगावच्या रहिवाशांची एक बैठक घ्यायची हे तुमच्यामुळे सुचलं.

भाषेचं विचारायचं राहिलं. सुपरवायझर मराठी-हिंदी, गवंडी बिहार-उत्तर प्रदेशचे, परांचीची बरीच पोरं बंगालच्या मालदा-मुर्शिदाबादची. फॉर्म कोणत्या भाषेत ठेवू?

क्लॅम्पवाला | 18 फेब्रुवारी, रात्री 9.40

फॉर्म कोणत्याही भाषेत ठेवा, वाचणार कोण? फोटो ठेवा. तुमच्याच साईटच्या परांचीचे, बरोबर आणि चूक शेजारी शेजारी. आणि तो ओळखीचा बे असू दे. परदेशी फोटोत सगळे पिवळ्या जॅकेटमधले गोरे, आमची पोरं हसतात.

नवीन_इंजिनिअर | 18 फेब्रुवारी, रात्री 10.15

फेरीचा क्रम काय ठेवायचा? आम्हाला दिलेल्या चेकलिस्टमध्ये 40 मुद्दे आहेत आणि पहिला मुद्दा "हेल्मेट घातले आहे का".

आखाती_कोकणी | 18 फेब्रुवारी, रात्री 11.00

आधी लांब उभा राहा, रस्त्यापलीकडे. उभे पाईप ओळंब्यात आहेत का, कुठे पोट आलंय का, कैची वरपासून खालपर्यंत सलग आहे का, हे जवळ गेल्यावर दिसत नाही. बहुतेक मोठे दोष इथेच सापडतात आणि बहुतेक लोक हीच पायरी गाळतात.

मग पाया. इथे वेळ घाल. मुंबईत अर्धी जमीन भराव. खाली गटाराचं झाकण, पेव्हर ब्लॉक, नुकताच बुजवलेला केबलचा चर. बेस प्लेटखाली रुंद फळी हवी, विटांचे तुकडे किंवा ब्लॉक नकोत. स्क्रू जॅक (उंची जुळवायचा पायातला स्क्रू) किती बाहेर काढलाय ते बघ. टँकर धुतल्याचं पाणी पायाशी येतंय का, तेही.

मग वर चढत. टाय, क्लॅम्प, चाली. अमेरिकी नियमात 10 फुटांपर्यंतच्या फळीचं टोक आधारापुढे निदान 150 मिमी जावं, पण 300 च्या पुढे नको. कमी असेल तर निसटते, जास्त असेल तर पाय पडला की उलटते. कठडा ब्रिटिश नियमात निदान 950 मिमी उंच आणि मधली मोकळी जागा 470 च्या आत. मापपट्टी घेऊन फिरायची गरज नाही. बुटाच्या टाचेपासून स्वतःच्या कमरेपर्यंत किती भरतं ते एकदा मोजून ठेव. पायफळी (चालीच्या कडेची उभी फळी) विसरू नकोस, खालून जाणाऱ्याच्या डोक्याचा प्रश्न आहे.

हेल्मेट शेवटी.

परळकर_काका | 19 फेब्रुवारी, सकाळी 7.40

कालची चर्चा वाचून ठेकेदाराच्या सुपरवायझरला चहासाठी घरी बोलावलं आणि ग्रीलचं विचारलं. म्हणाला, "काका, सगळीकडे असंच बांधतात." इंजिनिअरला लेखी कळवलं आहे. बांबूत आणखी काय बघावं? पावसाळ्यात हे सगळं उभंच राहणार असं दिसतंय.

मृण्मयी_स्ट्रक्चर | 19 फेब्रुवारी, दुपारी 12.45

काका, बांबू उभा चिरलेला आहे का, बुडाशी पिवळसर भुकटी पडते का (म्हणजे भुंगा लागला), आणि दोऱ्या. काथ्या ओला-सुका होत राहिला की कुजतो आणि सैल पडतो, त्यामुळे पावसाळ्याआधी सगळ्या गाठी नव्याने बांधून मागा. सर्वात खालचा बांबू जमिनीत किंवा पक्क्या तळावर टेकलाय की हवेत लोंबतोय, हे तुम्हीही बघू शकता. चढू मात्र नका!

काम बंद राहणार असेल तर पावसाळ्याआधी जाळी उतरवायला सांगा. जूनची वाट पाहू नका. तौक्ते वादळ 17 मे 2021 ला आलं होतं. घाटकोपरचं होर्डिंग 13 मे 2024 ला धुळीच्या वादळात पडलं आणि 17 माणसं गेली. होर्डिंगची रचना वेगळी, पण वारा तोच. मुंबईत मेचा दुसरा आठवडा हीच मुदत धरावी.

जाळीचं आणखी एक. नोव्हेंबर 2025 मध्ये हाँगकाँगच्या ताई पो भागात दुरुस्तीसाठी परांची आणि जाळी लावलेल्या वसाहतीत आग लागली. आठपैकी सात टॉवर पेटले, दीडशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा जाळी आग पसरू न देणारी आहे का, याचं प्रमाणपत्र ठेकेदाराकडे मागा. खाली वेल्डिंग चालू असेल तर हे आधी विचारा.

वडाळा_विजया | 20 फेब्रुवारी, रात्री 8.30

पत्र मिळालं! मला हवं होतं तसं नाही. "काम सुरू करण्याचा निर्णय सेफ्टी आणि प्रोजेक्ट मॅनेजर मिळून घेतील" अशी भाषा आहे. पण थांबवणाऱ्याला जाब विचारणार नाही, हे वाक्य तसंच राहिलंय. चालवून घेते.

शनिवारी दुपारी यार्डात बे उभा करतोय. उस्ताद दोष पेरणार आहे आणि काय पेरलं ते मलाही सांगणार नाही म्हणतो. यादी पाकिटात घालून स्टोअरकीपरकडे देणार, म्हणजे संध्याकाळी मोजून काढता येतील. प्रोजेक्ट मॅनेजरची जोडी मी मुद्दाम मुकादमाबरोबर लावली आहे.

एकच अडचण उरली. टॅगची पट्टी उन्हात आणि सिमेंटच्या पाण्यात टिकेल अशी कुठे मिळेल? लॅमिनेट केलेला कागद आठवडाभरात पांढरा पडतो.

क्लॅम्पवाला | 20 फेब्रुवारी, रात्री 9.10

लोहार चाळीत किंवा नागदेवी स्ट्रीटला सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे प्लास्टिकचा होल्डर विचारा, आत सरकवायची पट्टी वेगळी येते. मार्कर ऑइलचा घ्या, पाण्याचा नको. आणि होल्डर तारेने बांधा, केबल टायने नको. केबल टाय पोरं बांधायला काढून नेतात.